मला रिकामं कोण करत होतं?

मी ट्रेलरमधली बॅटरी बोलतेय. माझं कवच तडकलंय, पोटातलं आम्ल ठिबकतंय. अंगात धुगधुगी आहे तोवर सांगून टाकते.

कारखान्यात शिशाच्या पट्ट्या घालून, आम्ल भरून मला घडवलं. खाणीत सुरुंग लावणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतलं. त्याचं घर चाकांवरचं. दोन बाकडी, एक ओटा, छोटा फ्रीज. एका खाणीतलं काम संपलं की हा ट्रेलर जीपमागे जोडून तो दुसरी खाण गाठायचा. ट्रेलरच्या तोंडाशी लोखंडी पेटीत मी. दिवे, फ्रीज, पाण्याचा पंप, सगळं माझ्या जिवावर.

जीप चालू असताना तिच्या इंजिनाकडून मला वीज मिळायला हवी होती. ती वायर त्याने स्वतः जोडली होती. पण माझ्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हतं, आणि फ्रीज मात्र वाटभर मला पीत राहायचा. मुक्कामाला दिवा मिणमिणला की त्याच्या बायकोला मार पडायचा. तूच काहीतरी चालू ठेवतेस, असं त्याचं म्हणणं. कधी पट्ट्याने, कधी तव्याने. बाई ताडपत्र्या शिवायची. एकदा त्याने तिची बोटं दारात चेंगरली, तेव्हा कितीतरी दिवस तिला सुई धरता आली नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

त्याची थोरली बहीण, अक्का, गॅरेज चालवायची. जीपचं काम निघालं म्हणून आम्ही तिच्याकडे थांबलो. तो सुटा भाग आणायला गेला आणि अक्काने भावजयीचा सुजलेला डोळा पाहिला. तिने खोदून विचारलं, तेव्हा बाई बोलली. माराबद्दल थोडं, माझ्याबद्दलच जास्त. जणू माझं दुखणं सापडलं की मार थांबणार होता.

दोघी कामाला लागल्या. फ्रीज बंद केला, दिवे काढले, मीटर लावला. आतून कुठेच विजेची गळती नव्हती. मग जीप सुरू केली, तर मीटरचा काटा हलेना. बाई जीपखाली सरपटत गेली आणि तिला जोड सापडला. नुसता पिळून टेप गुंडाळलेला, गंजून हिरवा पडलेला.

हे नुसतं दिव्यापुरतं नाही, असं अक्का म्हणाली. ट्रेलर वाटेत सुटला तर जीपला दोरीने बांधलेली त्याची एक पिन उपटते आणि चाकांना ब्रेक लागतात, तेही बॅटरीवरच. बॅटरी मेलेली असेल तर माणसं मरतात. त्यांनी जाड वायर घातली आणि मला पोटभर चार्ज केलं.

तो परतल्यावर अक्काने तो जोड त्याच्यापुढे धरला. "हा तुझ्या हातचा. मग तिला कशाबद्दल मारत होतास?"

हातातला पाना त्याने ट्रेलरच्या खिडकीवर भिरकावला. काच फुटली. बायकोला केसांना धरून ट्रेलरमध्ये ढकललं, बाहेरून कडी घातली. आडव्या आलेल्या बहिणीला भिंतीवर आपटलं. त्याच रागात त्याने ट्रेलर जीपला अडकवला, पण दोन्ही धरून ठेवणारी खीळ नीट बसलीच नाही.

तो जीप घेऊन निघाला आणि घाटाच्या चढावर ट्रेलर सुटून उलटा घरंगळू लागला. पिन उपटली. अंगात होतं नव्हतं ते सगळं मी चाकांकडे लोटलं. चाकं किंचाळत आवळली गेली. ट्रेलर फरफटत जाऊन दरीच्या कठड्यावर आदळला. माझी पेटी फुटली, मी डांबरावर पडले.

बाई फुटक्या खिडकीतून बाहेर आली. खांदा निखळलेला, तोंड रक्ताने माखलेलं. तो धावत आला. ती जगली की मेली हे त्याने विचारलं नाही. माझ्या ट्रेलरची वाट लावलीस म्हणत त्याने हात उगारला. जॅकचा दांडा रस्त्यावर पडला होता. तिने तो धड हाताने उचलला.

"हात खाली घे," ती म्हणाली.

त्याने घेतला नाही. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा फटका गुडघ्यावर बसला. तो खाली कोसळला आणि आईला हाका मारू लागला. दांडा पुन्हा वर गेला आणि बराच वेळ वरच राहिला. मग तिने तो दरीत फेकून दिला.

कपाळाला फडकं बांधून अक्का पोलिसांना घेऊन आली. ते त्याला घेऊन गेले.

बाई आता गॅरेजमागच्या खोलीत राहते. खांदा अजून पुरता वर जात नाही. मी तिथल्याच भंगाराच्या ढिगात आहे, उद्या भट्टीत जाईन. भट्टीवाल्यांनो, माझं शिसं वितळवा, खुशाल नवी बॅटरी करा, कुणाच्याही गाडीत बसवा. फक्त दिवा विझला की जिथे बाईला मार पडतो, त्या घरी मला पुन्हा पाठवू नका.