आठाचा कौल

आमोण्यातल्या दत्ताराम गावसांच्या घरी कॉम्प्युटर आणायचं ठरलं, आणि त्याला मेमरी आठ जीबी घ्यायची की सोळा, यावर तीन दिवस घोळ चालला. साखळी गावच्या दुकानदाराने, अक्षयने, सरळ विचारलं होतं, "घरात तो वापरणार कशाला?" या प्रश्नाचं खरं उत्तर घरात एकटीलाच ठाऊक होतं आणि नेमकी तीच मूग गिळून बसली होती. ती म्हणजे दत्तारामांची सून, वर्षा.

"बाबांची भजनां, फोटो, लायटीची बिलां," तिच्या नवऱ्याने, ओंकारने, बोटांवर मोजून दाखवलं. "आठ म्हणजे डोक्यावरून पाणी. सोळा घेवन काय विमान उडवूचा आसा?"

"सोळा बरे," वर्षा म्हणाली.

"कित्याक?"

"अडकणा नाय."

याहून जास्त सांगायची तिची छाती झाली नाही.

लग्नाआधी ती म्हापशाला विमलाताई नावाच्या इंजिनिअरबाईंकडे घरांचे नकाशे काढायची. लग्नानंतरही तीन महिने साखळीला बस बदलून जात होती. मग सासूबाई, सुमनबाई, पाय घसरून पडल्या आणि दत्ताराम म्हणाले, "हिचो पाय बरो होयसर घरात रव." पाय बरा होऊन दोन वर्षं झाली. सुमनबाई आता शेजारच्या पेळेवर, म्हणजे ओट्यावर, उभ्या उभ्या दीड तास गप्पा मारतात, पण सुनेची सुट्टी काही संपलेली नाही. विषय निघालाच तर दत्ताराम विचारत, "घरात काय कमी आसा?" या प्रश्नाला सुनेने काय उत्तर द्यावं, हे अजून कुणी शोधून काढलेलं नाही.

मागच्या आठवड्यात विमलाताईंचा फोन आला होता. घरी बसून नकाशे काढून दे म्हणाल्या, पण सोळा जीबी हवेच, आठात आमचा प्रोग्राम गुदमरतो. महिन्याभरात पहिला नकाशा आला नाही, तर त्या दुसरी मुलगी बघणार होत्या.

शेवटी दत्तारामांनी नेहमीचा निकाल दिला. "देवाक विचारूया."

विहीर कुठे खणायची, ओंकारने खाणीवरची नोकरी सोडायची का, सगळं या घराने कौल लावूनच ठरवलेलं. वर्षाचं स्थळसुद्धा उजव्या पाकळीनेच पत्करलं होतं.

सोमवारी सगळे देवळात गेले. शंभू गुरवाने मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आठासाठी उजवी, सोळासाठी डावी. जी आधी पडेल तो देवाचा शब्द.

"जीबी म्हणजे किदें? शेर?" त्याने हळूच विचारलं.

"तसाच कायतरी," दत्ताराम म्हणाले.

गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न देवापुढे मांडला, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. वर्षा डोळ्यांत प्राण आणून डाव्या पाकळीकडे बघत राहिली. उजवी पडली.

ओंकार हात जोडून उठलासुद्धा. वर्षा उठली नाही. तिला भयंकर राग आला होता, देवाचा नव्हे, स्वतःचा. गाऱ्हाणं चारचौघांत, मोठ्याने घालावं लागतं. मनातल्या मनात मागितलं तर कौल कशावर लागणार?

"गुरवानूं, माझा एक गाऱ्हाणा आसा," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "म्हापशाच्या बाईंचा नकाशांचा काम आसा. घरात बसान करूचा. ता मी घेव काय, इतकाच देवाक विचारा."

दत्तारामांचा चेहरा पडला. पण देवापुढे उभं राहिलेलं गाऱ्हाणं अडवायचं कुणी? शंभूने नव्या पाकळ्या लावल्या, होकाराची उजवी, नकाराची डावी. यावेळी "व्हय म्हाराजा" सगळ्यांत आधी म्हणाल्या त्या सुमनबाई. आणि पुन्हा उजवीच पडली.

दत्तारामांनी देवाचा शब्द कधी मोडला नव्हता. "काम कर," ते म्हणाले.

"पण बाबा, त्या कामाक सोळा..."

"आठाचो कौल जालो. देवाक एकदा विचारलेला परत विचारूचा नसता. आठातच कर."

आठाचा कॉम्प्युटर खिडकीजवळच्या मेजावर बसला. आपली सून म्हापशाच्या इंजिनिअरबाईंची कामं करते, हे दत्ताराम येईल-जाईल त्याला सांगू लागले. आणि सून पडद्यावर गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसायची. नकाशा उघडायला पाव तास. एक भिंत सरकवली की पुन्हा तेवढाच वेळ. दुसरी सरकवली की सगळं थिजायचं आणि केलेलं काम पाण्यात जायचं. पूर्वी निदान हातात काहीच नव्हतं. आता परवानगी होती, काम होतं, मशीन होतं, आणि ती होती तिथेच होती. स्वयंपाक करताना, भांडी घासताना तिच्या डोळ्यांपुढे ती चकती फिरत राहायची.

चौथ्या दिवशी दत्ताराम तिच्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनीही चकती पाहिली.

"ह्या असाच फिरता?"

"आठात असाच फिरता. सोळाच होये होते, बाबा."

"मगे आधी कित्याक सांगलंस नाय?" त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "कामाक होये म्हणान सांगलं असतंस, तर मी आठ-सोळा विचारलाच नसता."

ते खरं बोलत होते, की आता बोलायला सोपं होतं म्हणून बोलत होते, हे तिला कधीच कळणार नव्हतं. दोन वर्षं ती गप्प राहिली होती आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"आता काय करूचा?" ते पुटपुटले. "देवाक परत विचारूक येणा नाय."

"मगे विचारू नकात," वर्षा म्हणाली.

तिने त्यांच्यासमोरच फोन उचलला आणि अक्षयच्या दुकानाचा नंबर लावला. दत्ताराम दारापर्यंत गेले, थांबले, आणि तिथल्या खुर्चीत तिच्याकडे पाठ करून बसले.

"अक्षय, माझ्या मशिनीत मेमरीची आनीक एक आठाची पट्टी बसयची आसा," ती म्हणाली. अख्ख्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

खुर्ची हलली नाही. स्वयंपाकघरातून सुमनबाईंचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."