जयसिंगरावांचे हात

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, माणसाच्या डोक्याएवढा. ज्याने मला फणसाच्या लाकडातून कोरले, त्याने नाक-डोळे काढायचा कंटाळा केला. त्यामुळे मी जे सांगेन ते ऐकलेले असेल, किंवा हातांच्या स्पर्शावरून ओळखलेले. त्यात चूकही असेल.

बेंगळूरच्या चिकपेटेतील एका अरुंद दुकानात जयसिंगराव माझ्यावर म्हैसुरी पेटे, म्हणजे तिकडचे फेटे, बांधत. रेशमी कापडाच्या चुण्या घालताना त्यांची बोटे इतकी शांत चालत, की मला डुलकी लागे. दसऱ्याला म्हैसूरला जाणारी मंडळी त्यांचाच पेटा मागत.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी ती बोटे धावू लागली. एक पेटा संपतो तोच दुसरा. जयसिंगराव झोपत नसत, गिऱ्हाइकाला बोलू देत नसत. त्यांचे धाकटे भाऊ हणमंतराव खूश होते. "अण्णांच्या हातात यंदा देवी उतरली आहे, वहिनी," ते म्हणाले. सकवारबाईंनी नवऱ्याच्या हातांना कुंकू लावले. मला मात्र त्या हातांची धास्ती वाटे. चार दिवसांत जयसिंगराव रस्त्यावरच्या गाडीवानांना पेटे वाटू लागले, अडवणाऱ्यांच्या अंगावर जाऊ लागले. शेवटी पेट्याच्याच कापडाने भावाने त्यांना घरातल्या खांबाला बांधले. सुटले तेव्हा मनगटे सोलली होती.

मी फळीखाली धूळ खात पडलो. असे दोनदा झाले.

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मनाच्या या आजारावर एक नवी गोळी निघाली होती. इस्पितळातल्या डॉक्टर हयवदनांनी ती जयसिंगरावांना सुरू केली. काही आठवड्यांत ते झोपू लागले, पानावर बसून जेवू लागले, आणि एक दिवस दुकानात येऊन त्यांनी मला पुसले.

पण हात त्यांचे वाटेनात. बोटे ताठ, जड, सारखी थरथरणारी. उठताना घेरी येई, म्हणून ते मला धरून उठत. चुणी घातली की निसटे. हणमंतराव म्हणाले, "अण्णांचा पेटा घालून नवरदेवाने शिंकू नये म्हणजे झालं." जयसिंगराव हसले. मग बराच वेळ त्यांचा तळवा माझ्यावर नुसता पडून राहिला.

दसरा जवळ आला होता. सकवारबाईंनी कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. त्यात वाईट हेतू नव्हता, त्यांना नवऱ्याचे हात परत हवे होते. आणि हात परत आलेही. थरथर गेली, चुण्या सरळ पडू लागल्या. सकवारबाई दुकानात बसून गुणगुणत. मीसुद्धा सुखावलो. पण पुढच्या आठवड्यात बोटे पुन्हा धावू लागली. मला ते सगळ्यांच्या आधी कळले, पण लाकडाने सांगायचे कसे?

एका दुपारी जयसिंगराव जरीच्या कापडाची गुंडाळी घेऊन बाहेर धावले आणि भर रस्त्यात ती उलगडत सुटले. बस थांबली, घोडे बिथरले. लोकांनी त्यांना ओढून आणले.

"वहिनी, पाय धरा. मी या कापडाने बांधतो," हणमंतराव म्हणाले.

"ते कापड खाली ठेवा."

"मग काय करायचं? पुन्हा रस्त्यावर जाऊ द्यायचं?"

"जटका गाडी बोलवा. तुम्ही त्यांच्या एका बाजूला बसा, मी दुसऱ्या. इस्पितळात चला."

तिथे काय झाले ते सकवारबाईंनी नंतर दुकानात सांगितले. डॉक्टर म्हणाले, "अक्का, हात थरथरतो, हे मला सांगायचं होतं. गोळी बंद करायची नव्हती."

"तुम्ही रागवाल असं वाटलं."

"स्वल्प रागावलो असतो. मग गोळी कमी केली असती."

जयसिंगराव सावरल्यावर डॉक्टरांनी तसेच केले. ताठरपणासाठी दुसरी एक लहान गोळी दिली. आता ते अधूनमधून बोलावून हात पुढे करायला लावतात, गोळीने कावीळ तर होत नाही ना, म्हणून डोळे पिवळे दिसतात का ते बघतात. थरथर पुरती गेलेली नाही. पेटे कमी होतात. हणमंतराव गिऱ्हाइकांना परत पाठवताना कुरकुरतात, पण पाठवतात.

मित्रांनो, मी ठोकळा, माझा उपदेश कितीसा घ्यायचा? पण तुमच्या घरी कुणाचे हात असे एकाएकी धावू लागले, तर शाबासकी देण्याआधी विचारा, झोपलात का? आणि औषधाने त्रास होत असेल, तर तो डॉक्टरांपासून लपवू नका.

आज सकाळी जयसिंगरावांची बोटे पुन्हा भरभर चालली. मी धसकलो. अर्ध्या पेट्यावर ती थांबली.

"अगं, ऐकलंस का," त्यांनी आत हाक मारली. "हात आज फार पळतायत. रात्री झोपही नव्हती. डॉक्टरांकडे जाऊन येऊ या."

"सरी," असा होकार देत सकवारबाई चपला शोधू लागल्या.

ते गेले आहेत. अर्धा पेटा माझ्यावर तसाच आहे, कापडाचे टोक खाली लोंबते आहे. दारावरून कुणाची पावले गेली, की मी कान देतो.