बंब राहिला पलीकडे

मी एक जुना तांब्याचा बंब आहे, मित्रांनो. पण अंघोळीच्या पाण्याचा नव्हे, चहाचा. गावभराला पुरेल एवढा चहा माझ्या पोटात मावतो. पुढे पितळी तोटी आहे. आतून वेळच्या वेळी कल्हई लागते, आणि ती कुणाच्या वेळेवर लक्षात येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

लिव्हरपूलच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. बोटीतून मी इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या मॅन बेटावर आलो आणि आधी पील बंदरात मासे साफ करणाऱ्या बायकांना चहा पाजला. त्या दिवसांत माझ्या अंगाला असा वास येई की चहा पिताना माणसं नाक धरत. पुढे मासे आटले, बायका पांगल्या, आणि एका चॅपेलनं, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चनं, मला विकत घेतलं. ते चॅपेल बरोबर रस्त्याच्या वळणावर होतं. माझं पुढचं आयुष्य त्या वळणानंच घडवलं.

आमचा रस्ता एरवी गरीब. दुधाची गाडी, मेंढ्या, शाळेची बस. पण उन्हाळा लागला की तोच रस्ता बंद करतात आणि त्यावरून मोटारसायकलींची शर्यत धावते. मैदान नाही, जाळी नाही. दोन्ही बाजूंना लोकांची घरं, दगडी भिंती, विजेचे खांब. एकेक स्वार सुटतो आणि घड्याळाशी झुंजतो. चुकला तर भिंत त्याची गय करत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी माणसं समुद्र ओलांडून येतात.

डेटलेफ आणि हानेलोरे हे जर्मन जोडपं तर दर साल यायचं. चॅपेलच्या भिंतीवर घरची उशी टाकून सकाळपासून बसायचं. पाद्रीबाबांनी एकदा विचारलं, की एवढ्या लांबून येऊन तुम्हाला दिसतं तरी काय? हानेलोरे म्हणाली, "रंग दिसतो. निळा असला तर मी ओरडते, लाल असला तर हे ओरडतात. मग वर्षभर आम्ही त्यावर भांडतो."

चहाचं खातं ब्रीशाकडे होतं. पोस्टात काम करणारी, कमरेला कायम एप्रन, बोलणं तिखट. तरुणपणी त्या भिंतीवर सगळ्यांत मोठा आवाज तिचा असे. पण एका वर्षी एक स्वार त्याच भिंतीसमोर पडला आणि उठला नाही. त्यानंतर ब्रीशा भिंतीवर बसली नाही. शर्यतीवर ती रुसली होती असंही नाही. स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून पाव कापायची, आणि नुसत्या आवाजावरून कोणती गाडी गेली ते सांगायची. बाहेर चल म्हटलं की म्हणायची, "तो पडला त्याच्या आधी मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. याच हातांनी." मग कुणी आग्रह करत नसे.

मात्र रोज सकाळी मीठ आणि व्हिनेगर लावून ती मला लखलखीत घासायची, उकळता चहा भरायची, आणि ढकलगाडीवरून नेऊन भिंतीच्या कोपऱ्यावरच्या रुंद दगडावर ठेवायची. तोटी प्रेक्षकांकडे, पोट रस्त्याकडे.

समोर, रस्त्यापलीकडे केरमोड आजोबा राहायचे. जन्मभर नळकाम केलेले. त्यांचा नातू इलियम दुधाची गाडी चालवायचा, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच शर्यतीत उतरला होता. आठवडाभर सराव झाला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तो चॅपेलमध्ये चहाला आला आणि माझ्या पोटावर थाप मारून म्हणाला, "मावशी, या बंबामुळे मी जिवंत आहे. चढावरून वर आलो की वळण दिसतच नाही. पण हा चमकतो. चमकला की 'एक' म्हणायचं आणि ब्रेक दाबायचा."

सगळे हसले. मी तर फुगून दुप्पट झालो. ब्रीशा हसली नाही.

"आणि नाही चमकला तर?"

"तर मोटारसायकलसकट आजोबांच्या दिवाणखान्यात. तिथं चहा घेईन."

आता बघा नशीब. तो गेल्यावर थोड्याच वेळात माझी तोटी गळायला लागली. ब्रीशानं मला ढकलगाडीत घातलं आणि रस्ता ओलांडून आजोबांकडे आणलं. त्यांनी चामड्याची चकती बदलली. सकाळी घेऊन जाते, असं सांगून ती गेली.

सकाळी ती आधी चॅपेलमध्ये शिरली, पावांना लोणी लावायला. रस्ता बंद व्हायला अवकाश होता. पण दुपारी डोंगरावर धुकं उतरणार म्हणून शर्यत अलीकडे ओढली, आणि हे तिच्यापर्यंत आलं ते शिट्टीच्या आवाजानं. ती धावत बाहेर आली. मी पलीकडे, आजोबांच्या फाटकाशी, ढकलगाडीत बसलेलो.

रस्त्यावर शर्यतीचा पहारेकरी स्किली उभा होता. तो आणि ब्रीशा शाळेत एका वर्गातले.

"ब्रीशे, मागे हो."

"चार पावलं आहेत रे. बंब घेते आणि येते."

"एक पाऊल टाकलंस तरी मला तुला पोलिसांत द्यावं लागेल. आणि मग घरी बायको मला चहा देणार नाही."

तिनं घाईघाईनं त्याला इलियमची खूण सांगितली. स्किलीचा चेहरा उतरला. त्यानं वायरलेसवरून डग्लस गावी, जिथून शर्यत सुटते तिथं, निरोप दिला, की त्या पोराला सांगा, बंब जागेवर नाही. उत्तर आलं, की स्वार सुटायच्या रांगेत आहेत, हेल्मेटं चढली आहेत, प्रयत्न करतो. निरोप पोचला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात ब्रीशाचं लक्ष माझ्याकडे गेलं. वळण संपतं तिथं मी उन्हात झगझगत होतो. इलियमला मी दिसलो असतो, पण चुकीच्या जागी. त्याला वाटलं असतं, अजून पुढे पुष्कळ रस्ता आहे. ज्या अंगाचा मी आदल्या संध्याकाळी एवढा तोरा मिरवला, तेच आता त्याला भिंतीवर घालणार होतं.

"आजोबा!" ब्रीशा पलीकडून ओरडली. "त्याला झाका!"

केरमोड आजोबांनी अंगातला कोट काढून माझ्यावर टाकला आणि वर हात दाबून बसले. मित्रांनो, पुढचं सारं मी त्या अंधारात ऐकलेलं आहे. जे दिसलं नाही, ते हानेलोरेनं नंतर हजार वेळा सांगितलं.

चॅपेलच्या स्वयंपाकघरात मुरंब्याचं एक तांब्याचं पातेलं होतं, वर्षानुवर्षांच्या पाकानं काळं झालेलं. ब्रीशानं ते ओढून काढलं. ती, डेटलेफ आणि हानेलोरे मीठ-व्हिनेगर घेऊन त्यावर तुटून पडले. हानेलोरेनं तर आपला रेशमी रुमाल वाया घालवला. पातेलं उजळलं. पण बुड गोल, भिंतीवर टिकेना. आणि सुटं भांडं ठेवायला स्किलीनं नकार दिला. कुणीतरी मागून धरायलाच हवं होतं. डेटलेफ म्हणाला, मी धरतो.

"तुम्हाला जागा माहीत नाही," ब्रीशा म्हणाली. "रोज मी ठेवते त्याला."

ती भिंतीमागे उभी राहिली, दगडावर पातेलं टेकवून, स्वतःचं तोंड रस्त्याकडे करून. पातेल्याला बारीक कंप सुटला होता. डेटलेफनं मागून तिच्या एप्रनच्या नाड्या धरल्या, बैल धरावा तशा.

पहिली गाडी आली. चढावर गरजली, घसा खाकरावा तसा आवाज उतरवत वळली आणि गेली. दुसरी. तिसरी. आजोबा प्रत्येक गाडी कान देऊन ऐकत होते. मग ते पुटपुटले, "हा. हा आमचा." मीही ओळखला तो आवाज. चढ संपला. आणि एक क्षण तो आवाज तसाच पुढे येत राहिला, चढाच, फुटेल असा. तेवढ्यात कुणी दार ओढून घ्यावं तसा तो मिटला, खाली आला, वळला आणि परत उघडून दूर पळाला.

आजोबांनी माझ्या झाकणावर बोटांनी टकटक केलं. "गेला गं पोरी," ते पलीकडे ओरडले. "नीट गेला."

हानेलोरे सांगते, ब्रीशा रडत होती आणि हसत होती, पण पातेलं तिनं जागचं हलू दिलं नाही. पुढच्या फेरीला तो परत आला तेव्हा ती पुटपुटली, "ये रे, ये." त्यानंतरच्या फेरीला मोठ्यानं म्हणाली. शेवटच्या फेरीला तिनं अशी आरोळी ठोकली की मला ती कोटाआड ऐकू आली, आणि आजोबा म्हणाले, बरीच वर्षं झाली हा आवाज ऐकून.

रस्ता उघडल्यावर संध्याकाळी इलियम आला. नंबर कितवा, ते मधे कुठंतरी. निरोप त्याला मिळालाच नव्हता.

"मावशी, आज बंब थरथरत होता हो. मला वाटलं, माझेच डोळे गेले."

"बंब नव्हता तो," ब्रीशा म्हणाली. "मी होते."

सगळं कळल्यावर तो मटकन बाकावर बसला. स्किलीनं त्याला फैलावर घेतलं, की खूण धरायची तर झाड धर, खांब धर, चहाची भांडी कसली धरतोस. दुसऱ्या दिवशी आजोबांनी पहारेकऱ्यांना विचारून चॅपेलच्या कोपऱ्यावर खांब पुरला आणि पांढरा रंगवला. खांब दुरुस्तीला जात नाही.

मला जरा वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण एका माणसाच्या जिवाचा भार तांब्याच्या भांड्यावर असू नये, हे मलाही पटलं. वळण अजून तेवढंच वाईट आहे. स्वार अजून येतात, माणसं अजून भिंतीवर बसतात, आणि ब्रीशा म्हणते की टाळी वाजवायची तर डोळे उघडे ठेवून वाजवावी. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं भांडं, खांब, झाड असेल. ते हलवण्याआधी विचारा, याच्याकडे बघून कोण चालतंय.

आता मी चॅपेलच्या आत, खिडकीशी असतो. शर्यतीच्या दिवशी आलात तर चहा आपल्या हातानं घ्या आणि तोटी नीट बंद करा. ब्रीशा भिंतीवर आहे.