सैल बेतणारी कात्री

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी कात्री आहे. माझ्या एका मुठीला चिंधी गुंडाळलेली आहे. कसबा बावड्याच्या बाळाबाईच्या अंगठ्याला घट्टा पडला, तेव्हा तिनेच ती गुंडाळली.

लोहाराने मला तापवून घडवले, धार लावली, आणि मंगळवार पेठेतल्या एका दुकानात मी विकायला टांगलेली होते. तिथून बाळाबाईने मला आणले. बावड्यातल्या कितीतरी पोरींची परकर-पोलकी आणि पुढे त्यांच्याच लग्नांतले ब्लाऊज आम्ही दोघींनी बेतले. शिकायला आलेल्या मुलींना बाळाबाई म्हणायची, "सैल कापलेलं आवळता येतंय. तंग कापलं की कापड गेलंच." तिने शिवलेले कुणाच्या काखेत कधी काचले नाही. लोक तिचे नाव काढत.

मग तिच्या नवऱ्याला, आकारामला, आतड्याचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून शौचाची वाट पोटावर काढली. तिथे आतड्याचे लाल, ओलसर तोंड असते. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवायची, आणि पिशवीच्या चिकट चकतीला त्या तोंडाएवढे भोक कापायचे. दवाखान्यातून पुठ्ठ्याचे माप मिळाले. कापायचे काम माझ्याकडे आले.

बाळाबाईने माप ठेवले आणि सवयीने मला रेघेच्या जरा बाहेरून फिरवले. जागा नाजूक, काचायला नको. पुढे सूज उतरून स्टोमा लहान झाला, पुठ्ठा मात्र तोच राहिला. भोक आणि तोंड यांच्यामधल्या उघड्या कातडीला मळ लागू लागला. ती सोलवटली, पाझरू लागली, आणि ओल्यावर पिशवी धरेना. बाळाबाईला वाटले, भोकच काचते आहे. तिने आणखी सैल कापले.

आकाराम म्हणजे पंगतीत रस्सा वाढणारा माणूस. तेवढ्यात त्याचा मित्र केरबा नातवाच्या जावळाचे आवतण घेऊन आला. आकाराम नको नको म्हणत होता. केरबा म्हणाला, "तांबड्या रश्श्याची बादली तुझ्याच हातात पायजे. दुसऱ्यानं वाढलं तर पावणं म्हणतील, केरबानं पाणी वाढलं." आकाराम कितीतरी दिवसांनी हसला. पांढरा सदरा घालून गेला.

पंगत निम्मी झाली आणि चकतीची कड सुटली. सदऱ्यावर डाग पसरला, वास सुटला. एकाने रश्श्यासाठी पुढे केलेली वाटी मागे घेतली. केरबाने बादली काढून घेतली आणि "बस जा तू जरा" म्हणाला. हे सगळे बाळाबाई शेजारच्या आक्काला सांगताना मी ऐकले.

त्यानंतर आकारामने जेवण तोडले. "पोटात गेलंच न्हाय तर भाईर येनार न्हाय," म्हणाला.

बाळाबाई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. बरोबर मलाही नेले. स्टोमाची निगा शिकवणाऱ्या परिचारिका संयोगिताताईंनी नवे माप घेतले आणि जुना पुठ्ठा त्यावर धरून दाखवला. "मावशी, हे कापड न्हवं. भोक तोंडाला लागून पायजे. मधे दोऱ्याएवढीच जागा."

बाळाबाईने तो जुना पुठ्ठा हातात घेतला. मग म्हणाली, "काचंल म्हनून सैल कापत हुते की ओ."

आता कातडी भरून आली आहे. पिशवी गळत नाही. आकाराम मात्र चार घासांवर हात धुतो, उंबरा ओलांडत नाही, आणि वाळत चालला आहे. केरबाही फिरकला नाही. बाळाबाईने शिवण सोडले. कुणी ब्लाऊजचे कापड आणले तर ती परत पाठवते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला अशी पिशवी लागली, तर सुरुवातीचे आठवडे माप पुन्हा पुन्हा घ्या. कातडी नुसत्या पाण्याने धुऊन कोरडी करा, लाल दिसली तर लगेच दाखवा. हे सगळे शिकता येते. पण भर पंगतीत त्याच्या हातातली बादली काढून घेऊ नका. आत नेऊन सदरा बदलून द्या आणि बादली परत त्याच्याच हातात द्या. त्या दिवशी हे कुणालाच सुचले नाही.

आज दुपारी बाळाबाईने मला डब्यातून काढले. चकती कापली. माप नेमके आले. मग तिने ताट वाढून त्याच्यापुढे ठेवले. ते तसेच परत आले.