गावकऱ्यांना नाव ठाऊक नाही

मित्रांनो, मी दूरच्या बेटावरच्या सुवा शहरातल्या एका संग्रहालयातलं नोंदीचं जुनं कार्ड. माझा मासा खालच्या कपाटात बरणीत आहे. त्याचा जन्मदाखला म्हणजे मी. चौसष्ट वर्षं झाली. कौतुक एकदाच झालं, तेही अक्षराचं. मजकुराला कोण विचारतो? तो आठवला की माझंच डोकं फिरतं.

मला लिहिलं एका गोऱ्या साहेबानं, वाइतोवा गावच्या किनाऱ्यावर. मासा उंच धरून त्यानं विचारलं, "याला तुम्ही काय म्हणता?" पुरुष खोकले, बायांनी तोंडं फिरवली. तो मासा म्हणजे तिथल्या कुळाचं दैवत. त्याचं नाव बायका-पुरुषांत, त्यातून सासू-जावयांत, घेतलं की अब्रूच गेली. साहेबाला बोटीची घाई. त्यानं खुशाल लिहून टाकलं: 'गावकऱ्यांना नाव ठाऊक नाही.' अरे, ज्यांचा मासा त्यांनाच ठाऊक नाही?

पुढे कुणीतरी तपासेल, असं वाटलं होतं. कसलं काय! तिघांनी माझी नक्कल केली, एकानं कॉम्प्युटरात घातली. चूक जिथल्या तिथे.

गेल्या सोमवारी त्याच कुळातल्या ताराइविनीआजी जावयाला घेऊन आल्या. त्यांच्या खाडीतली वाळू उपसायची परवानगी दुसऱ्या दिवशी निघणार होती. हा मासा त्या खाडीतला आणि कुळाचा, असा कागद दाखवला तरच ती थांबणार होती.

कारकून इलाइतियानं मला वाचलं आणि कपाळाला हात लावला. "आजी, हे नेलंत तर ते हसतील. तुम्हाला नावच माहीत नाही, असं लिहिलंय."

"माहीत नाही? मेल्यानं विचारलं कुणासमोर, ते नाही लिहिलं?"

"मग आता सांगा. सहीशिक्क्यानिशी नोंदवतो."

आजींनी मान वळवली. जावई शेजारीच उभा. तो दाराकडे वळला.

"थांब," आजी म्हणाल्या. "साक्षीदार लागेल."

त्यांनी डोळे मिटले आणि सत्त्याहत्तर वर्षांत कधी न घेतलेलं नाव खणखणीत घेतलं. जावयानं मान खाली घातली. इलाइतिया लिहू लागला, तेव्हा आजी ओंजळीत तोंड लपवून रडत होत्या.

परवानगी थांबली, मित्रांनो. जुन्या नोंदी जपा, हे तर सगळेच सांगतात. पण आधी नीट लिहा की! गप्प बसलेल्या माणसाला अडाणी ठरवून मोकळे होऊ नका.

आता ते नाव माझ्यावर आहे. कोणतं, असं विचाराल, तर नाही सांगणार. एका म्हातारीला ते एकदा घ्यावं लागलं, तेवढं पुरे झालं.