पहारेकऱ्याचा आवाज

एल्सवर्थ टिबेटने लिफ्टवाल्याचा लाल कोट अंगात चढवला आणि गळ्याचं बटण मुद्दाम उघडंच ठेवलं. समोर दिव्यांच्या झगमगाटात ग्रॅडी नावाचा गोरा नट तोंडात पाइप धरून आरामखुर्चीत बसला होता. ती खुर्ची पहारेकऱ्याची.

रेडिओवर दर मंगळवारी नवी रहस्यकथा असे. माणसं नवी, खून नवा; गोष्ट सांगणारा पहारेकरी मात्र एकच, आणि तो होता एल्सवर्थ. त्याचा आवाज ऐकला की न्यूयॉर्कमधली माणसं उठून दाराची कडी चाचपून बघत. हा आवाज काळ्या माणसाचा आहे का, असं कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि स्टुडिओने आपणहून सांगितलं नव्हतं. आता मालिका टेलिव्हिजनवर आली होती. आवाजाला चेहरा लागणार होता, आणि स्टुडिओला तो गोरा हवा होता.

"टिबेट, तुझं वाक्य जरा गावंढळ घे," दिग्दर्शक केसलर म्हणाला. "'न्हाय जी मालक, वर कुनी बी न्हाय गेलं.' असं."

"माझ्या माहितीत असं कुणी बोलत नाही, साहेब."

"लोकांना हसू आलं पाहिजे. तुझ्या माहितीशी त्यांना काय करायचंय? काम मिळतंय ना? बायकोचा तरी विचार कर."

"बायकोच म्हणाली, कोट घालायचा तर घाल, पण मान खाली घालून घरी येऊ नकोस."

केसलरने हात झटकला आणि तो काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात गेला. कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा. तोंडातून सुटलेला शब्द मागे घेता येत नसे.

गुप्तहेर झालेला नट तरातरा लिफ्टपाशी आला.

"वर कोण गेलं रे?"

एल्सवर्थने लिफ्टची जाळी सावकाश ओढली. मग छाती भरून श्वास घेतला.

"वर कुणीही गेलेलं नाही," तो त्याच, घराघरांत पोचलेल्या आवाजात म्हणाला. "आणि मला अरे-तुरे करू नका."

काचेपलीकडे केसलर ताडकन उभा राहिला. गुप्तहेराचा हात नकळत टोपीकडे गेला. टोपी काढून तो म्हणाला, "माफ करा." हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कार्यक्रम संपताच केसलर आडवा आला.

"पुन्हा या इमारतीत पाय ठेवायचा नाहीस."

"कोट खुंटीला लावलाय," एल्सवर्थ म्हणाला.

बाहेर पडताना टेलिफोनच्या स्विचबोर्डाशी बसलेल्या ऑपरेटर रोझलिनने त्याला हाक मारली. फोन आल्याचे तिच्यापुढचे सगळे दिवे लागले होते.

"मिस्टर टिबेट, थांबा. सगळे एकच विचारताहेत. पहारेकरी लिफ्ट का चालवतोय, आणि खुर्चीत बसलेला तो दुसरा कोण? साहेब म्हणतात, काहीतरी सांगून वेळ मारून ने. मी काय सांगू?"

एल्सवर्थने टोपी बगलेत धरली, तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि रिसीव्हर मागून घेतला.

"बोला," तो म्हणाला. "पहारेकरी बोलतोय."