सामान्य ग्राहक म्हणून सासूबाई

ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात तो परीक्षणं लिहायचा. मिक्सर, गाद्या, पंखे, जे मिळेल ते घरी आणायचं, हवं तसं राबवायचं आणि मग त्यावर दोन पानं लिहायची, हा त्याचा धंदा. या खेपेला संपादकीणबाईंनी त्याच्या गळ्यात फोन टेकवून पैसे देण्याच्या सेवा मारल्या. एक फोनबरोबरच आलेली, दुसरी बँकेची स्वतःची, तिसरी मनगटी घड्याळातली. त्याने तिन्ही वापरल्या, तिन्ही सुरळीत चालल्या, आणि लेख इतका मिळमिळीत झाला की संपादकीणबाईंना तो वाचताना दोनदा जांभई आली. तुम्ही दिवसभर यंत्रांतच लोळता, त्या म्हणाल्या, एखादा सामान्य ग्राहक आणा.

बायको म्हणाली, "आईला ने."

सासूबाई एका मोठ्या रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणजे कागदोपत्री. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांच्याशी त्याचं बोलणं तब्येतीच्या चौकशीपलीकडे गेलं नव्हतं. त्या त्याला जावईबापू म्हणायच्या, पण एखाद्या शिकाऊ पोराचं इंजेक्शन चुकल्यावर त्याला हाक मारावी तशा सुरात. त्याने भीत भीत विचारलं, तर त्या लगेच तयार झाल्या. घरी बसून त्यांना मरणाचा कंटाळा आला होता.

पहिली फेरी औषधांच्या दुकानात. फोनमधली सेवा मालकाचा चेहरा ओळखून उघडायची. आदल्या संध्याकाळी चेहऱ्याची नोंद केली तेव्हा सासूबाईंच्या तोंडात कवळी होती. आज ती हिरडीला टोचत होती म्हणून पर्समध्ये. फोनने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळख दाखवायला साफ नकार दिला. प्रकरण ध्यानात आल्यावर सासूबाईंनी भर रांगेत पर्समधून कवळी काढली, तोंडात बसवली, आणि फोनकडे अशी नजर टाकली की तो मुकाट्याने उघडला. टेकवला, टुक वाजलं, झालं. मागचे एक गृहस्थ डोळे फाडून बघत होते. "बघताय काय," सासूबाई म्हणाल्या, "पैसे देतेय."

किराणा दुकानात बँकेच्या सेवेची पाळी आली. तिला आधी पासवर्ड हवा होता, मग फोनवर आलेला कोड. सासूबाई चष्मा लावून कोड वाचेपर्यंत त्याची मुदत संपायची आणि नवा यायचा. रांग दारापर्यंत पोचली. वेळ फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी मागच्या माणसाचे पाय तपासले. घोटे सुजलेत, मीठ कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा, असं त्याला सांगितलं. त्याने वेफर्सची पाकिटं गुपचूप परत ठेवली. शेवटी सेवेने कळवलं, की आपल्या सुरक्षिततेसाठी खातं तूर्त बंद करत आहोत.

"माझेच पैसे, आणि माझ्यापासूनच लपवून ठेवलेत," सासूबाई म्हणाल्या. सामानाचे पैसे जावयाने भरले.

मग बुटांचं दुकान, आणि घड्याळाची पाळी. सासूबाईंनी मऊ तळव्यांचे बूट निवडले आणि पायातच ठेवले. त्यांचं मनगट बारीक, त्यामुळे घड्याळ डुगडुगायचं. आपल्याला काढून ठेवलंय असं समजून दर खेपेला कुलूप लावून बसायचं. विक्रेता म्हणाला, जरा जोर लावा. ही सूचना सासूबाईंना करायला नको होती. रुग्णालयातली अर्धी यंत्रं त्यांनी थोबाडीत मारून दुरुस्त केली होती. त्यांनी हात उगारला आणि पैसे घेण्याच्या यंत्रावर असा हाणला की काउंटरवरचे मोजे खाली पडले. मग त्या शांतपणे आरशासमोर बूट बघायला गेल्या.

त्याच्या खिशातला फोन वाजला. तो फटका म्हणजे सासूबाई पडल्या असं समजून घड्याळाने निरोप धाडला होता, की आपली आप्त व्यक्ती जोरात पडली आहे. आप्त व्यक्ती आरशासमोर टाच उचलून बघत होती. हे रद्द कसं करायचं ते तो शोधतोय तोवर घड्याळाने रुग्णवाहिकाही बोलावली होती. तिचं ठाणं पलीकडच्याच गल्लीत असल्यामुळे ती लगेच हजर झाली.

स्ट्रेचर घेऊन शिरलेल्या परिचारिकेने सासूबाईंना पाहिलं आणि ती जागच्या जागी ताठ झाली. "मॅडम, तुम्ही?"

"कुणी पडलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "स्ट्रेचरचा पट्टा का लोंबतोय?"

पुढे त्या बाहेर जाऊन रुग्णवाहिकेत चढल्या. ऑक्सिजनची टाकी पाहिली, कापसाचा डबा उघडून हुंगला, ड्रायव्हरला नखं दाखवायला लावली. फुटपाथवर गर्दी जमली. पैसे न दिलेले बूट रुग्णवाहिकेत बसलेत हे बघून विक्रेता दारात घायकुतीला आला होता. ते सगळं पाहून जावयाला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. तो दुकानाच्या पायरीवरच बसला. सासूबाई खाली उतरल्या. आता आपली धडगत नाही, असं त्याला वाटलं. पण त्या त्याच्या शेजारी टेकल्या आणि त्यांचेही खांदे हलायला लागले.

"हसता येतं वाटतं तुम्हाला," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मला वाटायचं, लेकीने कुठला खांब पसंत केलाय."

"मला तुमची भीती वाटते, आई."

"ती असू द्या थोडी."

मग त्यांनी घड्याळ दुसऱ्या हाताने दाबून धरलं, कोड घातला आणि बुटांचे पैसे दिले. परत येताना त्यांनी निकाल सांगितला: फोनमधली चांगली, एकदा तोंड दाखवलं की गप्प बसते, घड्याळ गुणी पण घाबरट, बँकेची मात्र कोडगी, सारखा कोडच मागते. त्याने तो निकाल एक शब्दही न बदलता लेखात उतरवला. संपादकीणबाईंना या खेपेला जांभई आली नाही.

अंक निघाला त्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. लेखात त्यांच्यासाठी वापरलेला 'ज्येष्ठ ग्राहक' हा शब्द त्यांना अजिबात आवडला नव्हता. त्यावरून त्याला झाडून झाल्यावर त्यांनी विचारलं, पुढच्या महिन्यात काय आहे.

"इस्त्र्या."

"मग माझे कपडे घेऊन येते," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरच्या कपड्यांना इस्त्री म्हणजे काय हेच ठाऊक नाही."